रामदेवरावाच्या घरी

आश्विन लागला की देवगिरीच्या पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या मांडल्या जातात. आमच्या शहरापासून किल्ला उणापुरा पंधरा किलोमीटर. (शहराला औरंगाबाद म्हणण्याची जिभेची सवय जुनी, छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ सालचे. माझ्या तोंडून दोन्ही निघतात.) गेली अठरा वर्षे मी दर साल शाळेतली पोरे घेऊन तिथे जातो. पाटीवाल्या बाया आता मला ओळखतात. त्यांतली एक म्हातारी तर मला 'राजाचे मास्तर' म्हणते. कारण एकदा तिच्या पाटीशेजारी बसून मी मुलांना रामदेवरावाची गोष्ट सांगितली आणि तिने गिऱ्हाईक सोडून ती ऐकली. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "सगळं खरं मास्तर, पर राजानं पोतं फोडून बघायचं नव्हतं का?" इतिहासाच्या पंडितांनी आजवर जेवढे विचारले आहे, त्यात यापेक्षा नेमका प्रश्न माझ्या तरी पाहण्यात नाही. त्या पोत्याकडे मी येतोच.

रामदेवराव यादव, ताम्रपटांतला रामचंद्रदेव, हा माझा अकरा वर्षांचा सोबती. अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्यावर कादंबरी लिहायला घेतली. त्याआधी माझ्या तीन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या. त्या गावाकडच्या, कापसाच्या आणि भावकीच्या. राजाची कादंबरी लिहिणे मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माणसाने अंगावर घेऊ नये, असे एका विद्वान स्नेह्याने मला आडून सुचवले. मला ते मनापासून पटले, आणि मी लिहायला बसलो. त्या बासनाला आता ट्रंकेत स्वतंत्र जागा लागते. दिवाळीच्या झाडलोटीत ट्रंक ओढताना बायको दर वर्षी विचारते, "तुमचा राजा अजून गादीवरच आहे का उतरला?" मी म्हणतो, उतरायचा आहे.

खरे सांगायचे तर गादी, लढाया, तह यांनी माझे काही अडले नाही. ते सगळे पुस्तकांत आहे आणि शाळेच्या वाचनालयातून पुस्तके घरी आणायला मला कोणी अडवत नाही. माझे अडले ते राजाच्या घरात. माजघरापर्यंत गेलो की पाय जागचे हलत नाहीत.

घर तसे आपल्यातलेच होते. रामचंद्राचा बाप कृष्णदेव १२६१ साली गेला तेव्हा पोर लहान. म्हणून कृष्णदेवाचा धाकटा भाऊ महादेव गादीवर बसला. गावाकडे असेच करतात. पोर हाताशी येईपर्यंत चुलत्याने शेत वाहावे, पुढे ज्याचे त्याला द्यावे, असे चार माणसांत ठरते. महादेवाने शेत चांगले वाहिले. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य त्याने यादवांच्या राज्याला जोडले. पण दहा वर्षांनी तो गेला तेव्हा गादीवर रामचंद्र बसला नाही, महादेवाचा मुलगा आमण बसला. म्हणजे चुलत्याने वाहिलेली जमीन चुलतभावाच्या नावे लागली! सातबाऱ्याचा हा प्रकार आमच्या तालुक्यात इतका रोजचा आहे की, पहिल्यांदा वाचले तेव्हा राजघराण्याविषयीचा माझा निम्मा धाक तिथेच उतरला.

पुढे जे झाले ते मात्र आमच्या तालुक्यात होत नाही. देवगिरीसारखा किल्ला चढून घेणे शक्य नाही, हे रामचंद्राला ठाऊक होते. त्याचे बालपण तिथेच गेलेले. त्याने नाचगाण्याचा मेळ जमवला. आपण त्या मेळाचा नायक झाला, विश्वासाचे सैनिक नट झाले, आणि सगळे राजरोस वेशीतून आत गेले. आमण नाच पाहायला येऊन बसला. रंगात आलेल्या खेळात नटांनी हत्यारे काढली आणि राजा धरला. हे साल १२७१. ही हकीकत कोणा शत्रूने रचलेली नव्हे. बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात, गोदेच्या काठी पुरुषोत्तमपुरी म्हणून गाव आहे. तिथे रामचंद्राचाच ताम्रपट मिळाला, शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा. त्यात ती अभिमानाने कोरलेली आहे. चाळीस वर्षे झाली होती, राजा म्हातारा झाला होता, मधल्या काळात काय काय होऊन गेले होते. आणि तरी त्याला तांब्यावर लिहून ठेवावीशी वाटली ती तरुणपणातली ती रात्र. माणूस म्हणून मला तो पहिल्यांदा इथे भेटला.

आमणाचे पुढे काय झाले, ते ताम्रपटाने सांगितले नाही. महानुभावांच्या परंपरेने ते जपले आहे: त्याचे डोळे काढले आणि त्याला कोंडून ठेवले.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे म्हणजे यादवांच्या वैभवाचा काळ, आणि तो आपण सगळे शाळेत शिकलेलो आहोत. हेमाद्रिपंत, बिनचुन्याची देवळे, पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखात कोरलेली देणगीदारांची यादी, १२९० साली नेवाशास पुरी झालेली ज्ञानेश्वरी आणि तिच्या शेवटी आलेला या राजाचा गौरव. एवढे भाग्य किती राजांना लाभले! पण मला यातली एकच गोष्ट पुनःपुन्हा आठवते, आणि तिचे कारण उघड आहे. मी लिहिणारा आहे. नरेंद्र नावाचा कवी रुक्मिणीस्वयंवर लिहीत होता. राजाने ते ऐकले. त्याला ते इतके आवडले की, हे काव्य माझ्या नावावर कर, मी तुला ओवीओवीला सोने देतो, असे त्याने सांगितले. नरेंद्राने नकार दिला. आपल्या कविकुळाला बट्टा लागेल, असे त्याचे म्हणणे. पुढे भावांनी मिळून रातोरात जेवढ्या ओव्या उतरून घेता आल्या तेवढ्या घेतल्या, नऊशेच्या आसपास, आणि तो दरबार सोडून महानुभाव पंथात गेला, असे पंथाचे लोक सांगतात. ओवीला एक नाणे! माझ्या तिन्ही कादंबऱ्यांच्या मानधनाची बेरीज मी कधी कोणाला सांगितलेली नाही. राजाने मला विचारले असते तर मी काय उत्तर दिले असते, हा विचार मी रात्री करतो आणि सकाळी सोडून देतो.

आता पोते.

१२९६ साली कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन, दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई, काकाला न सांगता सात-आठ हजार स्वार घेऊन विंध्य ओलांडून आला. देवगिरीची फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर गेलेली. वाटेत एकच अडथळा झाला. इसामी नावाच्या इतिहासकाराने, जो पुढे याच मुलखात येऊन राहिला आणि ज्याने १३५० साली आपला फारसी ग्रंथ पुरा केला, लिहिले आहे की लाजौऱ्याच्या घाटात कान्हा नावाच्या सरदाराने त्याला अडवले आणि कान्ह्याच्या बाजूने दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या. लाजौरा म्हणजे आपले लासूर, असे अभ्यासक मानतात. लासूरचे नाव निघाले की मी जरा थांबतो. कारण माझी अक्का लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे.

किल्ल्याला वेढा पडला. घाईघाईत आत धान्य भरले गेले. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पायथ्याशी होती, तीही धान्याची म्हणून वर चढवली. शंकरदेव फौज घेऊन परतला, लढला, आणि जिंकतो आहे असे वाटत असताना नुसरतखानाची हजारभर माणसे धुरळा उडवीत आली. दिल्लीची मोठी फौज आली असे समजून यादवांची फळी फुटली. मग वर पोती उघडली, त्यांत मीठ. फिरिश्त्याने ही गोष्ट लिहिली ती सुमारे तीनशे वर्षांनंतर विजापुरात बसून. तेव्हा मिठाला थोडे तिखटही लागले असेल. पण तहाची यादी त्याने तपशीलवार दिली आहे: सोने सहाशे मण, मोती सात मण, हिरेमाणके दोन मण, चांदी हजार मण, रेशमी वस्त्रे चार हजार. वर एलिचपूरचा वसूल. आणि वस्साफ नावाचा त्याच काळातला इराणी इतिहासकार, पुढे इसामीही, या यादीला एक कलम जोडतात. राजाने मुलगी दिली.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला घेऊन गेलो होतो. बुरुजाच्या सावलीत पोरे दाटीवाटीने बसली होती. मी नेहमीच्या पट्टीत सांगत होतो, सहाशे मण, सात मण, दोन मण, मुलांना मण म्हणजे किती हेही समजावून झाले, आणि ओघात म्हणालो, "शिवाय मुलगी दिली." मागच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला.

"तिचं नाव काय होतं, सर?"

नाव मला ठाऊक होते, म्हणजे ठाऊक आहे असे मी समजत होतो. इसामीच्या ग्रंथात ते झत्यपाली असे काहीसे उमटले आहे. फारसी लिपीत गेलेले मराठी नाव जसेच्या तसे बाहेर काढणे अवघड. कोणी ते ज्येष्ठापाली असे वाचतात. मी सांगितले. ती म्हणाली, "ज्येष्ठा म्हणजे थोरली ना?" मी म्हटले, हो. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग ती तिथं जाऊन काय करत असेल? तुमच्या कादंबरीत आहे का?"

माझ्या कादंबरीची गोष्ट पोरांपर्यंत कशी पोचली, कोण जाणे. मी काहीतरी बोलून सगळ्यांना अंधारीच्या वाटेला लावले.

त्या रात्री ट्रंक उघडली. कादंबरीत ती होती. अडीच पानांत होती. पालखीत बसताना तिने तटाकडे वळून पाहिले होते, तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले होते, दासी मूर्च्छित पडली होती, आणि पुढच्या प्रकरणात मी एलिचपूरच्या वसुलाला लागलो होतो. सोन्याच्या वजनाला तीन पाने आणि पोरीला अडीच. मला लाज वाटली. आणि ती कादंबरीकार म्हणून वाटली असे म्हणून मी सुटलो असतो, तर बरे झाले असते.

आमची आणि शिवेपलीकडच्या एका घराची विहीर सामाईक होती. बांधावरची विहीर, पाण्याची पाळी ठरलेली आणि ठरलेली पाळी कोणीच न पाळणारे. मी पाच वर्षांचा असताना आमच्या चुलत्याचे डोके त्यात फुटले. मग दावा उभा राहिला. आबा तारखांना जात, माय दागिने मोडी, मोसंबीची झाडे पाण्यावाचून वाळत. असे सहा वर्षे चालले. मग दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी मारुतीच्या पारावर बसून तोड काढली. त्यांचा थोरला मुलगा लग्नाचा होता. आमची अक्का होती. सुपारी फुटली आणि दावा मागे घेतला गेला. अक्काला सोळावे पुरे झाले नव्हते, ती नववीत होती आणि गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या साली मोसंबीला बहर धरला. त्या पैशावर मला शहरात खोली करून शिकायला ठेवले. मी मॅट्रिकपर्यंत आलो, मास्तर झालो, तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीत विहिरीचे भांडण आहे. शहाण्या माणसांचा पार आहे. समीक्षकांनी त्या पाराचे कौतुक केले. अक्का त्यात नाही.

दाजी भला माणूस आहे, हे लिहिले पाहिजे. नाहीतर वाचक भलतेच समजतील. अक्काने संसार राखला, दोन मुले वाढवली, एक भाचा पोलिसात आहे. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारले नाही. भाऊबीजेला जातो, ओवाळून घेतो, ताटात पाकीट ठेवतो, संध्याकाळच्या गाडीने परत येतो.

कादंबरीत जिथे मी खरा अडलो होतो, ती जागा पुढची आहे. देवगिरीकडून खंडणी यायची थांबली. शंकरदेवाला ती द्यायची नव्हती. तेव्हा १३०७ साली अल्लाउद्दीनाने मलिक काफूरला पाठवले. त्याच धामधुमीत गुजरातच्या कर्ण वाघेल्याची मुलगी देवलदेवी शंकरदेवाशी लग्न लावण्यासाठी देवगिरीकडे येत होती. अल्पखानाचे शिपाई सहज म्हणून वेरूळची लेणी पाहायला गेले होते. त्यांच्या हाती ती लागली. लेणी पाहायला! मी दर साल त्याच सहलीत मुलांना दुपारी वेरूळला नेतो. देवलदेवी दिल्लीस गेली, शाहजादा खिज्रखानाशी तिचे लग्न झाले, अमीर खुस्रोने त्यावर फारसीत काव्य केले. या राजाच्या घरात यायची सून ती अशी आलीच नाही.

काफूरने रामदेवरावाला धरून दिल्लीला नेले. तिथे मात्र सगळे उलट झाले. अल्लाउद्दीनाने त्याला कैद्यासारखे वागवले नाही. छत्र दिले, राय-ए-रायान हा किताब दिला, लाख टंके दिले, नवसारीचा मुलूख दिला आणि सुमारे सहा महिन्यांनी मानाने परत पाठवला. त्यानंतर राजाने दिल्लीशी कधी बिघडवले नाही. वारंगळच्या आणि पुढे होयसळांच्या स्वारीत त्याने काफूरला रसद पुरवली, वाटाडे दिले. पुष्कळांना याचा राग येतो. मलाही तरुणपणी येत असे. आता मी चाळिशी ओलांडली आहे.

पण ते सहा महिने! मुलगी देऊन अकरा वर्षे झाली होती आणि बाप आता त्याच शहरात, त्याच दरबारात होता. छत्राचा रंग लिहिला गेला, टंक्यांचा आकडा लिहिला गेला. बापलेकीची भेट माझ्या वाचनात कुठे आली नाही. ती झाली असे धरून मी ते प्रकरण तीनदा लिहिले. पहिल्यांदा ती बापाला दोष देते, आणि बोलता बोलता एखाद्या नाटकातल्यासारखी होऊन जाते. दुसऱ्यांदा बाप तिची क्षमा मागतो. तेरा-चौदाव्या शतकातला राजा क्षमा मागतो म्हणजे काय, हे मलाच पटेना. तिसऱ्यांदा दोघे गप्प बसून राहतात. मौनाचे एक असते, ते लिहिणाऱ्याच्या फार सोयीचे असते. तीनही फाडली.

गेल्या भाऊबीजेला लासूरला उतरलो तेव्हा हातात अक्कासाठी देवगिरीची सीताफळे होती. ओवाळणे झाले. दाजी रानात गेले. अक्का ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी म्हटले, "अक्का, एक विचारू?"

"विचार की. कामून असा तोंड पाडून बसलास?"

मी विचारले, म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. विहीर, दावा, पार असे काहीतरी अडखळत बोललो. तिने सुपातून नजर वर केली नाही.

"माय म्हणायची, तू गेलीस म्हणून विहीर मिटली, विहीर मिटली म्हणून बापू शिकला. मी म्हणायचे, बरंय, हिशेब लागला. पहिली दोन सालं मी त्या विहिरीवर जात नव्हते. सासू बोलायची, पाण्याला कामून जात नाही. काय सांगू तिला?"

"आणि आबा? आबा आले होते का कधी?"

"आले ना. तिसऱ्या साली. इथंच बसले होते, तू बसलास तिथं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. म्हशीचं विचारलं. किती दिवसांची गाभण हाय, मागल्या येताला किती दूध दिलं. मी सांगितलं. मग पाणी मागितलं. तांब्या दिला त्याच विहिरीचा. पिऊन म्हणाले, पाणी गोड हाय. अन् गेले."

"एवढंच?"

"एवढंच. शिवेपर्यंत गेले अन् परत आले. म्हटलं काय विसरलं? तर म्हणे, म्हशीला सरकी घालत जा. अन् पुन्हा गेले." ती जरा हसली. "मी आत जाऊन लई रडले. त्या सरकीपायी."

मी काही बोललो नाही. अक्काच म्हणाली, "तुझ्या राजाचं काय चाललंय?" आणि मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली. आजवर कधी सांगितली नव्हती. पोरांना सांगतो तशी नव्हे, तर घरातल्या माणसांची सांगतात तशी. कोण कोणाचा कोण, कोणाचे पुढे काय झाले. म्हातारा १३११ च्या सुमारास गेला. शंकरदेव पुन्हा उलटला आणि १३१३ साली काफूरशी लढताना मारला गेला. मग जावई उठला, हरपाळदेव. १३१८ साली मुबारकशहाने त्याला पकडून जिवंत सोलले आणि त्याची कातडी देवगिरीच्या वेशीला टांगली.

"जावई म्हणजे दुसऱ्या लेकीचा नवरा," अक्का म्हणाली. "ती इथंच होती म्हण."

मी इतकी वर्षे हरपाळदेवाचे शौर्य लिहीत होतो. त्याची बायको म्हणजे ज्येष्ठेची बहीण, आणि ती त्या वेशीच्या आतच कुठेतरी असणार, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

"अन् थोरलीचं?"

थोरलीला मुलगा झाला होता, असे इसामी लिहितो. शिहाबुद्दीन उमर. १३१६ च्या आरंभी अल्लाउद्दीन मेला तेव्हा पोर सहाएक वर्षांचे. काफूरने त्यालाच तख्तावर बसवले, आपण कारभार हाती घेतला, आणि मोठ्या शाहजाद्यांचे, त्या देवलदेवीच्या खिज्रखानाचेही, डोळे काढले. काफूरने मुलाच्या आईशी निकाह लावला असेही सांगतात. महिन्याभरात काफूर मारला गेला. मग मुबारकशहा कारभारी झाला, दोनेक महिन्यांत त्याने पोराला उतरवले आणि आपण बसला. म्हणजे काही आठवडे, आपल्या देवगिरीच्या रामदेवरावाचा नातू दिल्लीच्या तख्तावर होता. उतरवल्यावर मुबारकशहाने त्या पोराचेही डोळे काढले.

अक्काचा हात सुपात थांबला. "नातवाचे?"

"नातवाचे."

"अन् तो पहिला, चुलतभाऊ, नाचाला बसलेला... त्याचेही म्हणालास ना?"

मी मान हलवली. मी या दोन गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत टिपल्या होत्या; एक तांबड्या, एक निळ्या. पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे, मधे दोन घराणी आहेत, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. अक्काला मी तसे सांगितलेही. ती म्हणाली, "नसंल संबंध. पर ती आई होती ना तिथं. तिला आठवलं असंल. लहानपणी घरात कुठंतरी आंधळा काका कोंडलेला. पोरी असलं विसरत नसतात." आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

गाडीला अवकाश होता. अक्काने माझ्याच सीताफळांतली दोन फोडली, एक मला दिले. बिया अंगणात टाकत म्हणाली, "मग तुझा राजा दिल्लीला सहा महिने बसला होता म्हणतोस. लेकीला भेटला असंल तर त्यानं काय विचारलं असंल? म्हशीचं थोडंच विचारणार."

मी म्हटले, तिथेच अडलोय.

"लेकीनंच विचारलं असंल. आपल्याकडची सीताफळं यंदा कशी हायत म्हणून."

मला हसू आले. सीताफळ त्या वेळी या देशात नव्हते. ते पुढे दोन-अडीचशे वर्षांनी पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आले, असे वनस्पतींचे जाणकार सांगतात. देवगिरीच्या डोंगरावर रामदेवरावाच्या वेळी सीताफळाचे एक झाड नसणार. मी अक्काला ते सांगितले. तिला ते मुळीच खरे वाटले नाही.

"मग काय होतं तेव्हा खायला? बोरं तरी होती का?"

"बोरं होती."

"मग बोरांचं लिही," ती म्हणाली, आणि उरलेली सीताफळे परत माझ्या पिशवीत घालायला लागली.